गोव्यातली बंद घरं : कुलूप का लागतं आणि ते उघडता कसं येईल?

बार्देश, तिसवाडी, सासष्टी किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यावरून चक्कर मारली की बंद घरं लगेच नजरेत भरतात. अंगणात गुडघाभर गवत, घसरलेली कौलं, वाळवी लागलेले वासे आणि दाराला गंजलेलं कुलूप. त्याच गावात भाड्याची खोली शोधणारी माणसंही भेटतात. इस्पितळातली नर्स, नव्यानं बदली होऊन आलेले शिक्षक, औद्योगिक वसाहतीतले कामगार, नवं लग्न झालेलं स्थानिक जोडपं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची कितीतरी मुलं गोव्यात नोकरीला आहेत आणि रोज दुचाकीनं किंवा बसनं ये-जा करतात, कारण गोव्यात राहायचं भाडं पगारात बसत नाही.

घरं आहेत, पण ती बंद. माणसं आहेत, पण त्यांना घर नाही. हा पेच नेमका कशामुळे तयार झाला, कायदा काय सांगतो आणि बंद घर पुन्हा वापरात आणायचं तर सुरुवात कुठून करायची, याची ही सविस्तर माहिती.

थोडक्यात

- २०११ च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे सव्वा लाख घरं रिकामी आढळली. एकूण घरांच्या तुलनेत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. देशाची सरासरी साडेसात टक्के होती.
- घर बंद राहण्याची मोठी कारणं दोन : वारसांमध्ये न झालेली वाटणी, आणि 'एकदा आत घेतलेला माणूस बाहेर पडणार नाही' ही भीती.
- भाडं भरणारा किंवा घराची राखण करणारा माणूस मुंडकार ठरत नाही, असं मुंडकार कायद्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे.
- बंद घर सुरक्षित असतं, हा समज २०२२ पासून उघड झालेल्या जमीन बळकाव प्रकरणांनी खोटा ठरवला.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी होती. त्यापैकी शहरी भागातली १ कोटी ११ लाखांच्या आसपास. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, केंद्र सरकारनं नेमलेल्या तांत्रिक गटानं शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाखांच्या वर असल्याचं सांगितलं. म्हणजे एका बाजूला कोटीभर घरांना कुलूप आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोन कोटींहून अधिक घरांची गरज.

मात्र हे दोन आकडे एकमेकांतून वजा करून चालत नाहीत. टंचाईतला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाचा होता. रिकामी घरं बहुतेक वेळा वेगळ्या जागी, वेगळ्या किमतीची आणि वेगळ्या लोकांच्या मालकीची असतात. मिरामारचा समुद्राकाठचा रिकामा फ्लॅट कुंडईच्या कामगाराला परवडणार नाही. गावातलं दोन खोल्यांचं कौलारू घर मात्र परवडू शकतं. म्हणून बंद घरांचा विचार करताना 'किती' याच्याइतकंच 'कुठली' हेही पाहावं लागतं.

जनगणनेची व्याख्याही लक्षात घ्यायला हवी. घरयादी करताना जिथं कोणी राहत नाही आणि जिथं दुकान, गोदाम असा दुसरा वापरही नाही, ते घर 'रिकामं' धरलं जातं. कुटुंब चार दिवस गावाला गेलंय म्हणून कुलूप असलेलं घर त्यात येत नाही. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. दीड दशकात चित्र किती बदललं, हे त्यातून कळेल.

देशभरात भाड्याच्या घरांचा वाटाही घटत गेला आहे. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार शहरी कुटुंबांत भाड्यानं राहणाऱ्यांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं. २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आलं. संख्येनं सर्वाधिक रिकामी घरं महाराष्ट्रात, सुमारे २० लाख, तर गुजरातेत सुमारे १२ लाख असल्याचं त्याच पाहणीत नमूद आहे. भाडेकरूला बाहेर काढणं कठीण, करार पाळले जातील याची खात्री नाही आणि भाड्यातून मिळणारा परतावा कमी, अशी कारणं त्या पाहणीत चर्चिली गेली होती.

घर बंद का राहतं?

गोव्यात ही कारणं आहेतच, शिवाय काही खास इथली आहेत.

*मालक दूर.* गोव्यातून बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई, आफ्रिका, आखाती देश, पोर्तुगाल, इंग्लंड. मुलं तिकडे स्थिरावली, आई-वडील वारले आणि घराला कुलूप लागलं. हिंदू कुटुंबाचं घर चतुर्थीला पाच-सात दिवस उघडतं, ख्रिस्ती कुटुंबाचं फेस्त किंवा नाताळाला. बाकी वर्षभर शेजारी दिवा लावेल किंवा अंगण झाडेल तेवढंच.

*मालक अनेक.* घर अजून आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर असतं. दुरुस्ती कोणी करायची, भाडं कोणी घ्यायचं यावर एकमत होत नाही. मग काहीच न करणं सगळ्यांना सोपं वाटतं.

*पर्यटन.* किनारी भागात घर दिवसाच्या भाड्यानं दिलं की हंगामात महिन्याभराचं भाडं आठवड्यात सुटतं. त्यामुळे अनेक मालक वर्षभरासाठी घर देत नाहीत. दिलं तरी ऑक्टोबरपूर्वी रिकामं करायला सांगतात. मुलं शाळेत जाणाऱ्या कुटुंबाला असं घर काय कामाचं? शिवाय दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली दुसरी घरं आहेतच. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यात एकाच वेळी दोन्ही गोष्टी वाढल्या : कामगारांची राहण्याची गरज आणि गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांची ओढ.

*दुरुस्ती.* चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचं घर माणसांच्या वावरावर टिकतं. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या. दोन पावसाळे हे राहिलं की पाणी रिपांवर, तिथून वाशांवर आणि मग आढ्यावर उतरतं. आढं खचलं की हजारांचं काम लाखांवर जातं.

*भीती.* हे सगळ्यात मोठं कारण. ती कुठून आली ते समजून घेतल्याशिवाय कुलूप उघडत नाही.

'भाडेकरू मालक होईल' : कायदा काय म्हणतो?

गोवा मुक्तीनंतर जमीन आणि घर यांबाबत तीन महत्त्वाचे कायदे आले. १९६४ चा कूळ कायदा, १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, 'उठ' म्हटलं की उठावं लागणाऱ्या हजारो कुटुंबांना या कायद्यांनी आधार दिला. त्यांची गरज होतीच. पण घरमालकांच्या मनात मात्र एकच वाक्य उरलं : कोणाला घरात घेऊ नका, तो उद्या मालक होईल.

हे वाक्य कितपत खरं आहे?

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीनं त्याच्या जमिनीतल्या घरात कायम वस्ती करून राहणारी व्यक्ती. त्याला घराखालची आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. पण याच व्याख्येत काही जण स्पष्टपणे वगळले आहेत. घरासाठी भाटकाराला भाडं देणारा माणूस मुंडकार नाही. मालकाच्या आवारात राहणारा पगारी नोकर किंवा चौकीदार मुंडकार नाही. दुसऱ्याच्या घरात त्याची राखण करण्यासाठी किंवा घर राहण्याजोगं ठेवण्यासाठी राहणारा माणूसही मुंडकार नाही.

आता गंमत अशी की, भीतीपोटी अनेक मालक नेमकं उलट करतात. 'कागद नको, भाडं नको, ओळखीतला आहे, राहू दे' म्हणून घर तोंडी देतात. वीस वर्षांनी वाद उभा राहिला की तो माणूस कोणत्या नात्यानं तिथं राहत होता, हे सिद्ध करायला मालकाकडे काहीच नसतं. भाड्याची पावती किंवा राखणदारीचा लेखी करार असता तर तोच मालकाच्या बाजूचा पुरावा ठरला असता.

दुसरी भीती 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' अशी असते. १९६३ च्या मुदत कायद्यात प्रतिकूल ताब्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे, हे खरं. पण त्यासाठी ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध आणि उघड असावा लागतो. मालकाच्या परवानगीनं, करारानं राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. इथंही कागदच उपयोगी पडतो.

तिसरी भीती १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याची. ती पूर्णपणे निराधार नाही. या कायद्याखाली भाडेकरूला काढायचं तर भाडं थकवणं, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, घराचं नुकसान, मालकाची स्वतःची खरी गरज अशी कायद्यात दिलेली कारणं दाखवावी लागतात. प्रकरण भाडे नियंत्रकाकडे जातं आणि वेळ लागतो. पणजी, मडगाव, म्हापशात दशकांपूर्वीच्या नाममात्र भाड्यावर चालणाऱ्या जागा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणूनच आता बहुतेक मालक अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करतात. तो करताना नुसतं शीर्षक पुरत नाही. करारातल्या अटी आणि प्रत्यक्ष व्यवहार परवान्यासारखे आहेत की भाडेपट्ट्यासारखे, हे न्यायालय पाहतं. स्टेशनरीच्या दुकानातला छापील नमुना भरून मोकळं होण्यापेक्षा वकिलाकडून एकदा मसुदा तपासून घेणं स्वस्त पडतं.

बंद घर सुरक्षित असतं का?

'कोणाला दिलं नाही म्हणजे घर सुरक्षित' हा हिशोब गेल्या काही वर्षांत चुकीचा ठरला. बनावट दस्तऐवज करून जमिनी आणि घरं लाटल्याच्या तक्रारी वाढल्यावर राज्य सरकारनं जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमण्यात आला. प्रकरणांचा साचा बराचसा सारखा होता. मालक मरण पावलेले किंवा परदेशात, वारसांचं लक्ष नाही, नोंदी पोर्तुगीज काळातल्या. अशा मालमत्तेचे जुने कागद बनवून विक्रीखतं करण्यात आली. बार्देशातल्या आसगाव, हणजूण पट्ट्यातली प्रकरणं त्यात जास्त गाजली. २०२४ मध्ये बेवारस मालमत्ता सरकारजमा करण्यासंबंधीचं विधेयकही विधानसभेत मंजूर झालं.

यातून घरमालकांनी घ्यायचा धडा साधा आहे. ज्या घरात माणूस राहतो, ज्याची घरपट्टी दरवर्षी भरली जाते, ज्याच्या सर्व्हे नोंदी वारसांच्या नावावर आहेत, ते घर परस्पर विकणं कठीण असतं. ज्या घराकडे दहा वर्षांत कोणी फिरकलं नाही, ते सोपं सावज असतं.

वारसांच्या सह्या : खरा अडथळा

गोव्यात वारसाहक्काची पद्धत देशाच्या इतर भागांपेक्षा वेगळी आहे. तिचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. मुलगा-मुलगी समान वारस. मृत्युपत्र केलं तरी निम्मा वाटा सक्तीच्या वारसांसाठी राखीव. न्याय्य पद्धत म्हणून तिचं देशभर कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण वाटणी वेळच्या वेळी झाली नाही तर सह्यांची यादी लांबत जाते.

एक उदाहरण घेऊ. घर आजोबांच्या नावावर. आजी-आजोबा दोघंही वारले. त्यांना चार मुलं, चौघंही विवाहित. म्हणजे आठ सह्या. त्यातला एक मुलगा वारला. त्याच्या मागे पत्नी आणि तीन विवाहित मुलं. आता पहिल्या तीन जोडप्यांच्या सहा आणि चौथ्या शाखेच्या सात, अशा तेरा सह्या झाल्या. त्यातला एक लिस्बनला, एक दुबईत, एकाशी बोलणं बंद. घर विकायचं सोडाच, छप्पर बदलायलाही कोणी पुढे येत नाही.

या गुंत्यासाठी गोव्यात २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा आहे. तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी घरमालकांना माहीत असायला हव्यात.

पहिली, वारसा दस्त. उपनिबंधक हेच विशेष नोटरी म्हणून काम पाहतात. त्यांच्यासमोर कुटुंबाचे वारस कोण, हे दस्तानं नोंदवता येतं. यात वाटणी होत नाही, पण वारसांची यादी पक्की होते.

दुसरी, इन्व्हेंटरी. ही दिवाणी न्यायालयातली वाटणीची प्रक्रिया. मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, वारसांना नोटिसा जातात. घरासारखी वस्तू तुकडे करून वाटता येत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलतो तो घर घेतो आणि इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम देतो. सगळ्यांचं एकमत असेल तर प्रक्रिया लवकर उरकते. भांडण असेल तर रेंगाळते. निकालानंतर सर्व्हेच्या 'एक-चौदा' नमुन्यात आणि पंचायतीच्या घरपट्टी नोंदीत नावं बदलून घ्यायला विसरू नये. अनेक कुटुंबं निकाल घेऊन थांबतात आणि नोंद आजोबांच्याच नावावर राहते.

वाटणी होईपर्यंत घर बंदच ठेवायला हवं असंही नाही. सगळ्या वारसांनी एकाला लेखी कुलमुखत्यारपत्र दिलं, भाडं एका वेगळ्या बँक खात्यात जमा केलं आणि त्यातून आधी दुरुस्ती, मग वाटप असं ठरवलं तर घर वापरात येऊ शकतं. परदेशातल्या वारसाला तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येतं.

हिशोब मांडून पाहिला तर

समजा, गावातल्या दोन खोल्यांच्या घराच्या दुरुस्तीला तीन लाख रुपये लागतात आणि ते महिना दहा हजारांनी जातं. वर्षाचं भाडं १,२०,००० रुपये. म्हणजे अडीच वर्षांत दुरुस्तीचा खर्च निघतो. घर बंद ठेवलं तर उत्पन्न शून्य. घरपट्टी, विजेचा स्थिर आकार, वर्षातून दोनदा साफसफाई हा खर्च चालूच आणि छप्पर दर पावसाळ्यात खालावत जातं.

आयकराची भीतीही वास्तवापेक्षा मोठी असते. भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. वरच्या उदाहरणात घरपट्टी २,००० रुपये धरली तर १,१८,००० उरतात. त्यातून ३५,४०० वजा होऊन करपात्र रक्कम ८२,६०० रुपये येते.

मालक अनिवासी भारतीय असेल तर एक नियम भाडेकरूनं पाळायचा असतो. भाड्यातून उपकरासह सर्वसाधारणपणे ३१.२ टक्के करकपात करून ती भरावी लागते. १,२०,००० रुपयांवर ही कपात ३७,४४० रुपये होते. मालकाचा प्रत्यक्ष कर कमी असेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. हा नियम माहीत नसल्यानं नंतर दोघांनाही नोटीस येऊ शकते, म्हणून करारातच तसा उल्लेख असलेला बरा. भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात जमा करता येतं.

कुलूप उघडण्यापूर्वी

१. *कागद गोळा करा.* सर्व्हेचा एक-चौदा नमुना, शहरात असल्यास सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीज-पाणी जोडणीची कागदपत्रं. थकबाकी असेल तर आधी ती भरा.

२. *वारसांची संमती लेखी घ्या.* व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'ओके' पुरेसं नाही.

३. *पावसाळ्याआधी घर तपासून घ्या.* छप्पर, वाळवी, वायरिंग, शौचालय आणि विहिरीचं पाणी. विजेची जुनी वायरिंग बदलल्याशिवाय कोणाला राहायला देऊ नये. मोठ्या दुरुस्तीसाठी पंचायत किंवा पालिकेची परवानगी लागते.

४. *दुरुस्ती भाडेकरू करणार असेल तर* खर्चाची मर्यादा, कोणतं काम, किती महिन्यांच्या भाड्यातून वळतं करायचं, हे सगळं करारात लिहा. यावरूनच सर्वात जास्त भांडणं होतात.

५. *घरातली आपली जागा ठरवा.* देवघर, ओरातोर किंवा एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवता येते. चतुर्थीचे दिवस किंवा फेस्ताला दिवाणखाना मालकाला वापरायला मिळेल, अशी अटही घालता येते. गणपतीसाठी घर हवं म्हणून ते वर्षभर बंद ठेवण्याची गरज नसते.

६. *पोलीस पडताळणी करा.* भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं बंधनकारक आहे. भाडेकरू परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते.

७. *पैसे बँकेतून घ्या.* दरमहा खात्यात जमा होणारं भाडं हाच उत्तम पुरावा, मालकासाठीही आणि भाडेकरूसाठीही.

८. *पर्यटकांना द्यायचं असेल तर* १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. हा वेगळा व्यवसाय आहे, घरभाडं नव्हे.

भाडेकरूंनीही काळजी घ्यायला हवी. घर देणारा खरोखर मालक किंवा कुलमुखत्यार आहे का ते पाहावं, अनामत रकमेची पावती घ्यावी आणि करार किती महिन्यांचा आहे ते नीट वाचावं. 'हंगामात घर सोडावं लागेल' ही अट आधीच समजली तर मुलांच्या शाळेचा खोळंबा टळतो.

पंचायत आणि सरकार काय करू शकतात?

रिकाम्या घरांवर जादा कर लावा, ही सूचना अधूनमधून पुढे येते. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरानं २०१७ पासून असा कर घेतला. सुरुवातीला घराच्या किमतीच्या एक टक्का, आता तीन टक्के. पोर्तुगालनं २०२३ मध्ये रिकामी घरं सक्तीनं भाड्यानं देण्याची तरतूद केली. तिला मोठा विरोध झाला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये ती रद्दही झाली.

गोव्यात नुसत्या कराचा उपयोग मर्यादित राहील. फ्लॅट अडकवून ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराला कर टोचेल. पण तेरा वारस असलेल्या घराला कर लावून नोटीस पाठवायची कोणाला?

इथं स्कॉटलंडचा मार्ग जास्त जवळचा वाटतो. तिथं २०१० पासून सरकारी पैशातून रिकाम्या घरांसाठी एक यंत्रणा चालते. स्थानिक संस्थांमध्ये याच कामासाठी अधिकारी असतात. मालक शोधायचा, पत्र लिहायचं, अडचण वारसाची आहे की दुरुस्तीची ते विचारायचं आणि योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख, म्हणजे १३.८ टक्के घरं रिकामी आढळली. तिथल्या अनेक नगरपालिका रिकाम्या घरांची यादी लोकांसाठी खुली ठेवतात, म्हणजे घर हवं असलेल्याला मालकापर्यंत पोहोचता येतं.

गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि प्रत्येकीकडे घरपट्टीचं रजिस्टर आहे. पाच-सात वर्षं घरपट्टी न भरलेली किंवा पाण्याचा वापर शून्य असलेली घरं वेगळी काढली तर बंद घरांची गावनिहाय यादी तयार होऊ शकते. ती जाहीर करण्याची गरज नाही, उलट भूमाफियांच्या हाती लागू नये. पण मालकांना पत्र पाठवणं, वारसा दस्तासाठी शिबिर भरवणं, शिक्षक-नर्स यांच्यासाठी पंचायतीच्या साक्षीनं करार करून देणं, हे फार खर्चाचं काम नाही.

सरकारी मालकीची रिकामी घरं हा आणखी एक भाग. २०२० मध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. सरकारी पैशातून बांधलेली पण पडून असलेली घरं कामगारांना भाड्यानं द्यायची, हा तिचा एक मार्ग होता. चंदीगड, अहमदाबाद, राजकोट, सुरत अशा शहरांत तो वापरला गेला. चंदीगडमध्ये दोन हजारांहून जास्त घरं अशी वापरात आली.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी

बंद घरांचा प्रश्न गोव्यापुरता नाही. कोकणातली चाकरमान्यांची घरं, बेळगावातले जुने वाडे, इंदूर-ग्वाल्हेर-वडोदऱ्यातली मुलं परदेशी गेलेली घरं, सगळीकडे चित्र तेच. कायदे मात्र राज्याप्रमाणे बदलतात.

- *महाराष्ट्र :* १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची वेगळी तरतूद आहे. मुदत संपून जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क द्यावं लागतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी. ऑनलाइन नोंदणीची सोय आहे.
- *कर्नाटक :* १९९९ चा भाडे कायदा. शहरानुसार ठरलेल्या मर्यादेपेक्षा, जास्तीत जास्त ३,५०० रुपयांपेक्षा, मासिक भाडं अधिक असेल तर तो लागू होत नाही. त्यामुळे बेळगावातली आजची बहुतेक भाडी त्याबाहेर आहेत आणि करारातल्या अटींना महत्त्व येतं.
- *मध्य प्रदेश :* १९६१ चा कायदा. विधवा, निवृत्त सरकारी कर्मचारी अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर परत मिळवण्याची वेगळी, जलद तरतूद आहे.
- *गुजरात आणि तेलंगणा :* अनुक्रमे १९४७ आणि १९६० च्या जुन्या कायद्यांचा आधार.

केंद्रानं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, मुदतीनंतर जागा अडवल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं, वेगळं भाडे न्यायालय, अशा तरतुदी त्यात आहेत. घरांचा विषय राज्यांचा असल्यानं तो आपोआप कुठंच लागू होत नाही. राज्यानं स्वतः कायदा करावा लागतो.

बंद घर उघडायला पहिलं पाऊल मोठं नसतं. येत्या चतुर्थीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कुटुंब घरी जमेल, तेव्हा एक-चौदाचा उतारा काढून सगळ्यांसमोर ठेवावा. त्यावर कोणाचं नाव आहे आणि आज वारस किती, एवढं लिहून काढलं तरी पुढचं बोलणं सुरू होतं. पुढच्या पिढीत सह्या वाढणारच आहेत, कमी होणार नाहीत.